फ्रीज बडोद्यात, मग छिद्र अंटार्क्टिकावर कसे?

रावपुऱ्यातून एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत असून तिला ओझोनच्या थरावर प्रकल्प करायचा आहे. फ्रीज आणि एसी वापरणारी माणसे बडोद्यात, मुंबईत, युरोप-अमेरिकेत राहतात, मग ओझोनचे छिद्र जिथे वस्तीच नाही अशा अंटार्क्टिकावर का पडले, असे तिने वडिलांना विचारले. त्याच सुमारास त्यांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश आला. फ्रीजमधले वायू हवेपेक्षा कितीतरी जड असतात, ते वर जाऊच शकत नाहीत, तेव्हा हे सगळे थोतांड आहे, असे त्यात म्हटले होते. शिवाय उन्हाळ्यात शहराच्या हवेत ओझोन वाढल्याच्या बातम्या येतात. ओझोन कमी आहे की जास्त, आणि मुलीला नेमके काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी बडोद्यात ३१ वर्षे भौतिक रसायनशास्त्र शिकवले. माझे स्वतःचे संशोधन रासायनिक गतिकीतले, म्हणजे अभिक्रिया कोणत्या टप्प्यांतून आणि किती वेगाने घडते याचा शोध घेण्याचे होते. अंटार्क्टिका मी पाहिलेले नाही, पण या प्रश्नाचे मर्म माझ्याच विषयात दडलेले असल्यामुळे तो मला नेहमी घरचा वाटत आला आहे. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा, की १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत जगभरचे वातावरणशास्त्रज्ञ एकमेकांना हाच प्रश्न विचारत होते, आणि ज्यांचे उत्तर शेवटी खरे ठरले त्या सुसान सॉलोमन तेव्हा जेमतेम तिशीच्या होत्या.

उन्हाळ्यातल्या बातमीचा उलगडा सोपा आहे. वाहने आणि कारखाने यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सेंद्रिय बाष्पे यांच्यावर कडक ऊन पडले की जमिनीलगतच ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांना आणि पिकांना अपायकारक असतो आणि टिकून वरच्या थरापर्यंत पोहोचण्याइतके त्याचे आयुष्यही नसते. आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवणारा ओझोन साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात असतो. रेणू एकच, पण एकाची वाढ दुसऱ्याची तूट भरून काढत नाही.

जड वायूची शंका मात्र थोडे थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ती ऐकायला पटते. मी नुकतीच नोकरीला लागले होते तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जुना फ्रीज दुरुस्त करायला एक कारागीर आला होता. नवा गॅस भरण्याआधी उरलेला जुना काढून टाकायचा म्हणून त्याने नळीचे तोंड सैल केले. बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहिला, पितळेच्या तोंडाभोवती पांढरे दव गोठले आणि मिनिटाभरात सारे शांत झाले. वास येत नाही ना, म्हणून आईने धास्तावून विचारले. काळजी करू नका, हा गॅस जळतही नाही आणि त्याची बाधाही होत नाही, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. तो क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे क्लोरीन, फ्लोरिन आणि कार्बन यांचे संयुग होता, आणि कशाशीही संयोग न पावणे हाच त्याचा गुण पाहून जगाने त्याला घरात घेतले होते.

तो वायू त्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात साचून राहिला नाही. वारा, वर चढणारी तापलेली हवा आणि पावसाळी ढगांचे उफाळे हवेला सतत इतके घुसळत असतात, की सुमारे शंभर किलोमीटर उंचीपर्यंत जड आणि हलक्या रेणूंची वेगवेगळी वाटणी होऊच शकत नाही. तसे नसते तर कार्बन डायऑक्साइड केव्हाच जमिनीवर गादीसारखा पसरून आपण गुदमरलो असतो. जेम्स लव्हलॉक यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटिक महासागरावरच्या, कारखान्यांपासून हजारो किलोमीटर दूरच्या हवेत हे वायू मोजून दाखवले होते. हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी स्थितांबरातल्या हवेचे नमुने गोळा केले, त्यांतही ते सापडले. या कामात अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा होती. तिचे पहिले संचालक के. आर. रामनाथन हे ओझोनच्या अभ्यासातले जगन्मान्य नाव होते आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले होते. बडोद्याच्या विद्यार्थिनीने हा वारसा माहीत करून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

ओझोनचा नाश करतो तो या वायूंतला क्लोरीन. त्यावर संदेश लिहिणाऱ्यांचा पुढचा मुद्दा बहुधा असा असतो, की समुद्राच्या मिठात आणि ज्वालामुखीत क्लोरीन कितीतरी जास्त आहे. तेही खरे आहे, पण तो क्लोरीन बहुतांशी पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असल्यामुळे पावसाबरोबर खाली धुऊन येतो. क्लोरोफ्लुरोकार्बन पाण्यात विरघळत नाहीत. त्यांना तोडते ते स्थितांबरातले तीव्र अतिनील किरण, आणि तिथवर पोहोचून तुटायला त्यांना अनेक दशके लागतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मला तो थोडा वेगळ्या शब्दांत मांडावासा वाटतो. हे वायू सोडले कुठे हे विचारण्यापेक्षा, त्यांच्यातला क्लोरीन ओझोनवर तुटून पडायला मोकळा कुठे होतो हे विचारावे. सोडले ते बहुतांशी उत्तर गोलार्धात, पण एक-दोन वर्षांत ते साऱ्या पृथ्वीवर जवळजवळ सारखे पसरतात. त्यांची वर चढण्याची मुख्य वाट उष्णकटिबंधावरून, म्हणजे आपल्याच अक्षांशांवरून जाते. तिथून वर गेलेली हवा ध्रुवांकडे सरकते आणि ध्रुवांवर खाली उतरते. म्हणजे कच्चा माल सगळीकडे आहे. तरीही नाश एकाच ठिकाणी आणि एकाच ऋतूत का व्हावा?

शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ मध्ये दाखवले, की क्लोरोफ्लुरोकार्बनपासून सुटलेला क्लोरीनचा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन काढून घेतो, दुसऱ्या अभिक्रियेत तो देऊन टाकतो आणि पुन्हा मोकळा होतो. या फेऱ्यांत एकच अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करू शकतो. पण त्यांच्या हिशेबाप्रमाणे ही झीज मुख्यतः ४० किलोमीटरच्या आसपास, सगळ्या पृथ्वीवर, दशकांच्या गतीने व्हायला हवी होती. खालच्या थरात क्लोरीन असतो खरा, पण तो हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या दोन स्थिर संयुगांत जणू कुलपात बंद असतो, आणि ती दोन संयुगे वायुरूपात एकमेकांशी जवळजवळ काहीच करत नाहीत.

मे १९८५ मध्ये जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरील मोजमापे प्रसिद्ध केली. ओझोन मोजण्याचे एकक डॉब्सन आहे. डोक्यावरचा सारा ओझोन खाली आणून नेहमीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला पसरला तर जो थर होईल, त्याच्या एका मिलिमीटरला १०० डॉब्सन म्हणतात. जगाची सरासरी सुमारे ३००, म्हणजे थर अवघा ३ मिलिमीटरचा. हॅलीवर ऑक्टोबर महिन्यात पूर्वी सुमारे ३०० असणारा आकडा १९८४ पर्यंत २००च्या आसपास आला होता. घट चाळीस किलोमीटरवर नव्हती, ती १२ ते २२ किलोमीटरच्या पट्ट्यात होती, आणि तिथल्या वसंत ऋतूच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या, काही आठवड्यांतच ती होत होती. सिद्धांतात बसणारे यात काहीच नव्हते.

इथे मला माझ्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे उत्तर मला तिच्यामुळेच कळले. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी टर्शरी ब्यूटिल क्लोराइडच्या बाष्पाचे विघटन अभ्यासत होते. विजेच्या भट्टीत काचेचा चंबू, त्यात बाष्प, आणि बाहेर पाऱ्याचा दाबमापक. एका रेणूचे दोन होत असल्यामुळे दाब वाढत जातो आणि तो वाचत बसले की अभिक्रियेचा वेग कळतो. एक चंबू फुटला म्हणून मी त्याच मापाचा नवा बसवला, तर वेग एकदम वाढला. तापमान तेच, बाष्प तेच, दाब तोच. मी आठवडाभर भट्टीचे तापमान तपासत राहिले. शेवटी माझ्या मार्गदर्शकांनी काचेच्या नळ्यांचे बारीक तुकडे चंबूत भरून तोच प्रयोग करायला सांगितले. चंबूतली जागा थोडी कमी झाली, पण काचेचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढला, आणि दाबमापकातला पारा माझ्या डोळ्यांदेखत भराभर चढू लागला. विघटन बाष्पात कमी आणि काचेच्या भिंतीवर जास्त होत होते. जुन्या चंबूच्या भिंतीवर वापरून वापरून काजळीचा पातळ लेप बसला होता, त्यामुळे ती भिंत निष्क्रिय झाली होती. नव्या चंबूची भिंत कोरी होती. त्यानंतर वायूची कोणतीही अभिक्रिया पाहिली की ती कशाच्या सान्निध्यात घडते आहे हे मी आधी विचारू लागले.

सॉलोमन यांनी आकाशाबद्दल हाच प्रश्न विचारला. स्थितांबर अत्यंत कोरडे असते, तिथे ढग जवळजवळ नसतात, म्हणून सारे हिशेब वायूंच्या आपसातल्या अभिक्रियांवर मांडलेले होते. पण ध्रुवीय हिवाळ्यात तिथेही ढग असतात, हे उपग्रहांनी दाखवलेले होते. तापमान सुमारे उणे ७८ अंश सेल्सियसच्या खाली गेले की नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे सूक्ष्म कण बनतात, आणि आणखी खाली गेले की चक्क बर्फाचे. सूर्य क्षितिजाखाली असताना हे ढग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे रंगीत झळकतात. रोलांडो गार्सिया, रोलंड आणि डोनाल्ड वबल्स यांच्यासह सॉलोमन यांनी १९८६ मध्ये असे मांडले, की या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट एकमेकांशी सहज अभिक्रिया करतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि नायट्रिक आम्ल कणातच अडकून राहते. म्हणजे कुलूप तर उघडतेच, शिवाय पुन्हा कुलूप लावायला लागणारी नायट्रोजनची संयुगेही हवेतून काढून घेतली जातात. सारा हिवाळा अंधारात ही तयारी चालते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूर्याची पहिली तिरपी किरणे आली, की क्लोरीनचे रेणू फुटतात आणि नाश सुरू होतो. मोलिना यांनी लवकरच दाखवले, की क्लोरीनने ओझोनचा ऑक्सिजन घेतला की जो क्लोरीन मोनॉक्साइड बनतो, त्याचे दोन रेणू जोडीने एकत्र येऊन उजेडात फुटतात, त्यामुळे या खालच्या थरातही चक्र वेगाने फिरत राहते.

म्हणून छिद्र अंटार्क्टिकावर पडते. तिथे क्लोरीन जास्त आहे असे नाही. समुद्राने वेढलेल्या त्या खंडाभोवती हिवाळ्यात पश्चिमी वाऱ्यांचा भोवरा तयार होतो, तो आतली हवा बाहेरच्या उबदार हवेत मिसळू देत नाही, आणि महिनोन्महिने ती हवा ढग बनण्याइतकी थंड राहते. बडोद्यावर १७ किलोमीटरच्या आसपास तापमान तसे फारसे वेगळे नसते, हे ऐकून तुमच्या मुलीला आश्चर्य वाटेल. पण आपल्याकडे त्या उंचीवरची हवा नुकतीच खालून वर आलेली असते. तिच्यातले क्लोरोफ्लुरोकार्बन अजून शाबूत असतात, क्लोरीन सुटलेलाच नसतो.

नुसते पटणारे स्पष्टीकरण म्हणजे पुरावा नव्हे. त्या वेळी आणखी दोन मते तितक्याच जोरात मांडली जात होती. एक असे, की सौरचक्रामुळे, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेतल्या ठरावीक चढउतारांमुळे, वर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली आणि त्यांनी ओझोन खाल्ला. दुसरे असे, की रसायनाचा संबंधच नाही, खालची ओझोन-विरळ हवा नुसती वर सरकली आहे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग इथे आहे, कारण तिन्ही मतांतून मोजता येतील अशी वेगवेगळी भाकिते निघत होती. पहिले खरे असेल तर नायट्रोजन डायऑक्साइड जास्त सापडायला हवा. दुसरे खरे असेल तर नायट्रस ऑक्साइडसारखे जमिनीवरून येणारे दीर्घायुषी वायू जास्त सापडायला हवेत. तिसरे, म्हणजे सॉलोमन यांचे, खरे असेल तर सक्रिय क्लोरीन जास्त आणि नायट्रोजन डायऑक्साइड कमी.

ऑगस्ट १९८६ मध्ये सॉलोमन एका तुकडीचे नेतृत्व करून अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावर गेल्या. क्लोरीन डायऑक्साइड हा वायू सक्रिय क्लोरीनची खूण मानता येतो, पण भर उजेडात तो टिकत नाही. म्हणून त्यांनी रात्री चंद्राचा प्रकाश आरशाने उपकरणात घेतला आणि त्या प्रकाशातल्या कोणत्या छटा वाटेत शोषल्या गेल्या ते मोजले. क्लोरीन डायऑक्साइड अपेक्षेच्या सुमारे शंभरपट निघाला. नायट्रोजन डायऑक्साइड फारच कमी निघाला. पुढच्या वर्षी दक्षिण चिलीतल्या पुंता अरेनासहून एक संशोधन विमान थेट भोवऱ्यात शिरले. त्यातल्या जेम्स अँडरसन यांच्या उपकरणाने ऑगस्टच्या उत्तरार्धात क्लोरीन मोनॉक्साइड भरपूर नोंदवला, पण ओझोन तेव्हा अजून बराच शिल्लक होता. सप्टेंबरच्या मध्याला जिथे क्लोरीन मोनॉक्साइडची रेघ वर उसळली होती, नेमकी तिथेच ओझोनची रेघ खाली कोसळली होती. नायट्रस ऑक्साइडही आत कमीच होता, म्हणजे हवा वर चढत नसून उतरत होती. दोन्ही विरोधी मते मागे पडली. ओझोनचा नाश करणाऱ्या वायूंवर बंधने घालणाऱ्या माँट्रियल करारावर सप्टेंबर १९८७ मध्येच सह्या झाल्या. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण तिथे ठाम एकच वाक्य देणे चुकीचे होईल. उत्तर गोलार्धातले डोंगर आणि जमिनीचे तुकडे यांमुळे उत्तर ध्रुवावरचा भोवरा वारंवार मोडतो, म्हणून तिथे मोठी घट दरवर्षी होत नाही. २०११ आणि २०२० सारख्या असाधारण थंड वर्षांत मात्र ती झाली. ज्वालामुखीचे कणही पृष्ठभाग पुरवतात. चिलीतला काल्बुको ज्वालामुखी २०१५ मध्ये उसळला आणि त्या वर्षीचे ऑक्टोबरमधले छिद्र फार मोठे निघाले. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२०च्या वणव्यांचा धूर स्थितांबरात गेल्यावर तोही असेच काम करतो, हेही सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले. त्यामुळे एखाद्या वर्षी छिद्र मोठे झाले म्हणून करार फसला, किंवा लहान झाले म्हणून काम संपले, असे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात. एक क्लोरोफ्लुरोकार्बन सरासरी पन्नास वर्षे टिकतो, दुसरा सुमारे शंभर. जागतिक हवामान संघटनेच्या २०२२च्या आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८०च्या पातळीला सुमारे २०६६ मध्ये येईल.

बडोद्यापुरते बोलायचे तर आपल्या डोक्यावर छिद्र नाही आणि नव्हते. उष्णकटिबंधात ओझोनचा थर मुळातच पातळ असतो आणि सूर्य माथ्यावर येतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी अतिनील किरण तीव्र असतात. टोपी, ओढणी, सावली यांची गरज त्यासाठी आहे. फ्रीज किंवा एसी दुरुस्त करताना मात्र गॅस हवेत सोडू देऊ नका. नव्या यंत्रांतले बरेच वायू ओझोनला अपाय करत नाहीत, पण जुन्या एसींमधला आर-२२ करतो, आणि ओझोनला निरुपद्रवी असलेल्या वायूंपैकीही काही तापमानवाढीला मोठा हातभार लावतात. कारागिराकडे गॅस काढून टाकीत भरण्याचे यंत्र आहे का, हे आधी विचारावे.

प्रकल्पासाठी माझी सूचना अशी आहे. मुलीला हॅलीच्या आकड्यांचा आलेख काढू द्या, पण वर्षाची सरासरी न घेता सप्टेंबर आणि ऑक्टोबर वेगळे ठेवायला सांगा. ऑक्टोबरपर्यंत त्या थरातला ओझोन जवळजवळ संपलेला असतो, त्यामुळे क्लोरीन थोडा कमी झाला तरी त्याचा फरक तिथे लवकर दिसत नाही. सप्टेंबरमध्ये नाश अजून चालू असतो आणि त्याचा वेग क्लोरीनवर अवलंबून असतो. सॉलोमन यांनी २०१६ मध्ये हेच हेरून सप्टेंबर महिना तपासला आणि २००० सालापासून त्या महिन्यातले छिद्र ४० लाख चौरस किलोमीटरहून अधिक आक्रसल्याचे दाखवले. ते क्षेत्र भारताच्या क्षेत्रफळापेक्षा मोठे आहे. दोन्ही आलेख शेजारी लावल्यावर त्यांत फरक का दिसतो, हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहावे. लिहून झाल्यावर इथे पाठवले तर मी आनंदाने वाचेन.